फुली नसलेलं कार्ड

कोशाच्या कचेरीत त्याला सगळे नोंदोबा म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. कुणी नुसतं जेवलात का विचारलं तरी हा आधी खिशातली पेन्सिल चाचपायचा आणि मग उत्तर द्यायचा. अंगाने किडकिडीत, बोलायला कंजूष आणि ऐकायला पटाईत. ऐकणं हीच त्याची नोकरी होती म्हणा ना.

आता तुम्ही म्हणाल, ऐकण्याची कसली आलीय नोकरी? तर ते आधी सांगायला हवं. लॅटिन नावाची एक थोरली भाषा होती. ती गेली, पण लेकीबाळींनी भरलेलं घर मागे ठेवून गेली. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या तिच्या नावाजलेल्या लेकी. शिवाय डोंगराच्या कडेकपारीत राहिलेल्या, कुणी हालहवाल न विचारलेल्या आणखी कितीतरी. आईचा एकेक शब्द कुठल्या लेकीकडे गेला, तिथे तो कसा नांदला, कुठे त्याचे हाल झाले, हे सगळं एका कोशात मांडायचं, असा त्या कचेरीचा उद्योग होता. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लाकडी खण, खणांत कार्डं आणि भिंतींवर नकाशे. एका शब्दाला एक नकाशा. ज्या गावात शब्द जिवंत सापडला तिथे काळा ठिपका.

नोंदोबाच्या वाट्याला 'चमकणं' आलं. लॅटिनमध्ये लूकेरे. या एका आईच्या लेकींच्या तऱ्हा त्याला तोंडपाठ होत्या. स्पॅनिश लुसिर दिमाखाची. नुसतं चमकून तिचं भागत नाही, चारचौघांत मिरवायचं असलं तरी तिलाच बोलावतात. पोर्तुगीज लुझिर शांत, आपल्या घरी बरी. इटालियन लूचेरे आता कवितेपुरती उरली, बाजारात तिला कुणी ओळख देत नाही. फ्रेंच लुईर बिचारी नांदतेय, पण तिच्या घरात ब्रिये नावाची दुसरीच कुणी शिरली, कानामागून आली आणि तिखट झाली. रुमानियन लुची सगळ्यांत लांब दिलेली, आणि तरी रोजच्या बोलण्यात टिकून राहिलेली. हे सगळं तो जेवताना बायकोला सांगायचा. ती म्हणायची, अहो, तुम्ही कोश करताय की सोयरिकी जुळवताय?

पण लूकेरेच्या नकाशावर एक भोक होतं. उंचावरचं एक खोरं. अलीकडच्या उतारावर ठिपके, पलीकडच्या उतारावर ठिपके, मधे सगळं कोरं. कचेरीचे मोठे साहेब वीस वर्षं सांगत होते की तिथे तो शब्द असलाच पाहिजे. दोन्हीकडे भाऊबंद राहतात आणि मधलं घर ओसाड, असं कधी होतं का? दोन माणसं वर जाऊन हात हलवत परत आली होती. तिसरा गेला नोंदोबा. वय सत्तावीस, नोकरी कच्ची, बायकोला नववा महिना.

या कचेरीचा एक नियम होता आणि त्यापुढे मोठ्या साहेबांचंही काही चालत नसे. शब्द आपण बोलायचा नाही. वस्तू दाखवायची, खूण करायची, गोल गोल विचारायचं आणि वाट पाहायची. शब्द समोरच्याच्या तोंडून आपणहून आला पाहिजे. कारण माणसं भिडस्त असतात. दिवसभर समोर बसलेल्या परक्याने "तुम्ही असं म्हणता ना?" विचारलं की ती हो म्हणून मोकळी होतात. म्हणून ज्याच्या तोंडून चुकून शब्द सुटला त्याने कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने फुली मारायची. फुली म्हणजे, हा शब्द मी सुचवला. फुलीचं कार्ड नकाशावर चढत नाही. यात लाजायचं काही नव्हतं बरं का, सगळ्यांच्या खणांत दहावीस फुल्या निघायच्या. न मारलेली फुली मात्र कधी कुणाच्या खणात निघाली नव्हती, आणि निघाली तरी ओळखणार कोण? ते एकट्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

खोऱ्यात चाळीस घरं. टपालाची गाडी आठवड्यातून दोनदा वर यायची आणि दुपारी चारला उतरायची. गावात ऐंशी ओलांडलेली एक म्हातारी होती, जन्मात खोऱ्याबाहेर न पडलेली. नोंदोबाच्या धंद्यात अशी म्हातारी म्हणजे घबाड. सकाळी सातपासून तो तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. ती बटाटे सोलत होती, सून आतबाहेर करत होती. एकशे नव्वद प्रश्नांची यादी होती आणि म्हातारी खुशीत होती, कारण कित्येक वर्षांत तिचं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. दोन वाजता टपालवाल्याने निरोप आणला, बायकोला दवाखान्यात नेलंय, अडचण आहे, असाल तसे या. गाडी चारच्या आधी निघणार नव्हती. म्हणून तो पुन्हा बसला आणि विचारत राहिला, पण एकच प्रश्न दोनदा विचारायला लागला. म्हातारीच्या ते लक्षात आलं. काय झालं विचारलं आणि त्याने सांगितलं.

साडेतीनला एकशे सत्त्याऐंशीवा प्रश्न आला. त्याने पिशवीतून घासून लख्ख केलेली तांब्याची वाटी काढली, खिडकीतल्या उन्हात धरली आणि विचारलं, ही आता काय करतेय?

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "तूच धरून बसलायस तिला."

त्याने वाटीची तिरीप तिच्या डोळ्यांवर पाडली. आता? म्हातारी म्हणाली, डोळा दुखतोय, खाली ठेव. बर्फावर ऊन पडलं की बर्फ काय करतो? वितळतो. बरं, आभाळात तारे काय करतात? असतात की. सुनेला हसू आवरेना. नोंदोबालाही एरवी आलं असतं. पण खाली गाडीचा भोंगा वाजला, आणि अडचण म्हणजे नेमकं काय हे त्या निरोपात लिहिलेलं नव्हतं, आणि तीन प्रश्नांपलीकडे यादी संपत होती. लॅटिनचे आवाज या खोऱ्यात कसे वळतात हे त्याला पक्कं माहीत होतं. तो शब्द इथे असता तर कसा असता, हे तो महिनाभर मनाशी पुटपुटत होता. तो त्याच्या जिभेवरच होता आणि तो निसटला. निसटला कसला, त्याने सोडला.

"तुमच्याकडे असं म्हणत नाहीत का, आजी?"

म्हातारीची सुरी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणतो की," ती म्हणाली.

मग त्याने एकदा म्हणून दाखवा म्हटलं आणि तिने म्हणून दाखवलं. तो शब्द इथे लिहायला नको. आधीच नको तितक्या कागदांवर गेलाय.

त्याने कार्ड लिहिलं, गावाचं नाव, तारीख, खाली सही. लाल पेन्सिल पिशवीच्या तळाशी होती. गाडीत मारू फुली, असं मनाशी म्हणाला. गाडीत माणसांवर माणसं, मांडीवर कुणाची तरी टोपली, पिशवी पायाखाली चेंगरलेली. ही सगळी कारणं खरी होती, आणि खरं कारण त्यात एकही नव्हतं. त्याला तो ठिपका हवा होता.

फिरतीवरून आलं की कार्डं त्याच दिवशी कचेरीत जमा व्हायची असा रिवाज. नोंदोबा थेट दवाखान्यात पळाला आणि पिशवी गाडीवाल्याने कचेरीत पोचवली. बायको सुखरूप होती. मुलगी झाली होती, लालबुंद, मुठी आवळलेली. दोन दिवस त्याला कार्ड आठवलं नाही की फुली आठवली नाही, हे मात्र अगदी खरं. तिसऱ्या दिवशी तो कचेरीचा जिना चढला तेव्हा वर सगळे उभे होते. पिशवी मोठ्या साहेबांनी स्वतः उघडली होती. नकाशावरच्या भोकात काळा ठिपका बसला होता, शाई अजून नवी. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला होता. वीस वर्षं हसण्यावारी गेलेला माणूस तो, आणि त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते. त्यांनी नोंदोबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"साहेब, एक सांगायचं होतं," नोंदोबा म्हणाला.

"बोल ना."

सगळी कचेरी कप हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"मुलगी झाली," तो म्हणाला.

मग काय विचारता. टाळ्या झाल्या, कुणी पाठ थोपटली. साहेब म्हणाले, अरे, मग नाव शोधत बसायला नको, तूच तर बरोबर घेऊन आलायस. सगळ्यांनी ती कल्पना उचलून धरली आणि संध्याकाळी नोंदोबाच्या आधी ती दवाखान्यात पोचली. बायको तर हरखूनच गेली. जगात दुसऱ्या कुणाचं नाही असं नाव, आणि अर्थ चमकते. आणखी काय हवं माणसाला? नोंदोबा चाचरत म्हणाला, उच्चारायला जड आहे गं. मला येतंय की, ती म्हणाली, आणि तान्हीच्या कानाशी लागून तिने ते नाव दहादा घेतलं. अकराव्या वेळी त्या एवढ्याशा जिवाने मान वळवली. झालं, संपलं.

महिनाभरात नोंदोबाची नोकरी पक्की झाली. त्याने लाल पेन्सिल खिशात टाकली आणि एकदा, सगळे जेवायला गेलेले असताना, खणापाशी गेला. कार्ड जागेवर नव्हतं. त्याच्या ठिकाणी निळी चिठ्ठी होती, कार्ड छपाईसाठी बाहेर, म्हणून. कोशाच्या कितीतरी आधी नकाशा सुटा छापला गेला. पुढे कुणी तरी एका जाडजूड पुस्तकात त्या एका ठिपक्यावर सात पानं लिहिली, दुसऱ्या कुणी त्याला विरोध करायला नऊ पानं. दोघांनीही नोंदोबाचे आभार मानले होते. कचेरीत ती पानं वाचून दाखवली तेव्हा तो पोट दुखतंय सांगून घरी आला, आणि पोट खरोखरच दुखत होतं.

तुम्हाला वाटेल, अशा माणसाने या धंद्यात पुढे मान खाली घालून राहावं. उलटंच झालं. नवीन लोकांना शिकवायचं काम त्याच्याकडे आलं आणि फुलीच्या बाबतीत त्याच्याइतका कडक माणूस कचेरीने पाहिला नाही. कार्ड हातात घेऊन विचारायचा, तू बोललास की समोरचा बोलला? खरं सांग. पोरं चळाचळा कापायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्याचं त्यालाच ऐकू यायचं. पण आवाज खाली येत नसे.

आणि घरी ती हाक. दिवसातून वीस वेळा. शाळेत मुलं लेकीला तिच्या नावावरून चिडवायची, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून सांगायची की उंच डोंगरात चाळीस घरांचं एक गाव आहे, तिथे सगळे माझं नाव रोज घेतात, भांडं घासलं की घेतात, ऊन पडलं की घेतात. मुलं गप्प व्हायची. हे ती घरी येऊन रंगवून सांगायची आणि आई कौतुकाने बघायची. नोंदोबा पेन्सिलीला टोक काढत बसायचा. तिच्या एकेका वाढदिवसाला तो ठरवायचा, हिला कळण्याआधी आपण सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. लहान आहे, मोठी झाली की सांगू. मोठी झाली तर परीक्षा. परीक्षा झाली तर नोकरी. झाकली मूठ झाकलेलीच राहिली आणि तिला आतून घाम सुटत राहिला.

मोठे साहेब अंथरुणाला खिळले तेव्हा तो भेटायला गेला होता. सांगायचंच म्हणून गेला होता. साहेबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, आयुष्यात पुष्कळ अंदाज केले, एकच खरा ठरला, तो तू खरा केलास. आता अशा माणसाला काय सांगणार? तो सफरचंद कापून, भरवून परत आला. बायकोच्या वेळीही तेच. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली की आपण पोरीला फार काही देऊ शकलो नाही, पण नाव असं दिलं की ते कुणाला काढून घेता येणार नाही. नोंदोबा उशीची खोळ सारखी करत राहिला. चार महिन्यांनी ती गेली. तिला सांगायचं राहिलं ते आता कायमचंच राहिलं, आणि घाटावर, कचेरीत, कुठेही न रडलेला माणूस तिच्या कपाटासमोर त्यासाठी रडला.

लेक कानांच्या दवाखान्यात होती. यंत्राचे बारीक आवाज ऐकवून कुणाला कुठवर ऐकू येतं ते तपासायचं काम. बापाचाच वारसा, लोक म्हणायचे. तिने लग्न केलं नाही, वेगळी दोन खोल्यांत राहायची, रविवारी बापाकडे. तेहतीस वर्षांची झाली त्या वर्षी नोंदोबा निवृत्त व्हायचा होता. महिनाभर आधी ती म्हणाली, मैत्रिणींबरोबर चार दिवस जाऊन येते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"बाबा, ओळखा मी कुठून बोलतेय."

त्याला ओळखायची गरज पडली नाही. मागे घंटा बांधलेली जनावरं चालत होती आणि कुणी तरी त्या खोऱ्याच्या बोलीत त्यांना हाकत होतं. ती भडाभडा बोलत होती. म्हातारी तर कधीच गेली, पण तिची सून आहे, पंच्याऐंशीची, उद्या सकाळी तिच्याकडे जायचंय. रेकॉर्डर आणलाय. तिच्या तोंडून माझं नाव टेपवर घेणार आणि तुमच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांना ऐकवणार. मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण राहवेना.

अजून वेळ होता. उद्या सकाळपर्यंत होता. तेहतीस वर्षांत आला नव्हता इतका सोपा वेळ होता. समोर चेहरासुद्धा नव्हता. तो म्हणाला, ऐक. ती म्हणाली, बोला ना. तो म्हणाला, वर गार असेल, मफलर गुंडाळ. ती हसली आणि फोन ठेवला. मग नोंदोबाने तिच्या मुक्कामाच्या जागेचा नंबर शोधून काढला, फिरवला, आणि पलीकडून कुणी तरी उचलल्यावर खाली ठेवला. या गोष्टीत एक जागा अशी आहे की जिथे सांगणाऱ्यालाही त्याची कीव येत नाही, ती ही.

तिसऱ्या दिवशी ती स्टेशनवरून सरळ त्याच्याकडे आली. बूट काढले, कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. चहा करू का, त्याने विचारलं. नको म्हणाली.

आवाज म्हातारा होता, पण हसरा. तिकडच्या शाळेच्या बाई लेकीच्या शेजारी बसून मधेमधे अर्थ सांगत होत्या. नोंदोबाला अर्थाची गरज नव्हती. हो, आठवतो ना तो, सून म्हणत होती. वाटी घेऊन आलेला. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या त्याची गोष्ट. बायको अडलेली, गाडी उभी, आणि एका शब्दावाचून त्याचा जीव चाललेला. त्या म्हणायच्या, त्याला तो शब्द हवाच होता गं. माझं काय जात होतं? म्हटलं घे बाबा, आणि जा घरी. मग शाळेच्या बाईंनी विचारलं, म्हणजे इथे असं म्हणत नाहीत? छे, सून म्हणाली. आम्ही कुणीच नाही म्हणत. त्याने म्हटला, त्यांनी म्हटला, तेवढाच. मग टेपवर बरंच काही कुजबुजल्यासारखं झालं. शाळेच्या बाई सुनेला सांगत होत्या की ते या मुलीचं नाव आहे.

"अगं बाई," सून म्हणाली. आणि थोडं थांबून, "छान आहे हो."

लेकीने बटण बंद केलं. ती रडून आलेली होती हे आता उजेडात दिसत होतं. ती म्हणाली, बाकीचं एक वेळ ठीक, पण ते छान आहे हो ऐकून मला तिथून उठताच येईना. पाहुण्या पोरीचं मन राखावं म्हणून बोलली ना ती, जशी सासू बोलली होती. नोंदोबा बोलायला गेला. काय बोलणार होता देव जाणे. तिने हात वर केला.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"कधीच नाही सांगितलंत?"

त्याने मान हलवली. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, ती पूर्ण मागे जाईपर्यंत ती बघत राहिली. मग वळली. आवाज शांत होता, दवाखान्यात पेशंटला निकाल सांगताना असतो तसा.

"नाव मी बदलणार नाही. ते आईने ठेवलंय आणि तिने खरं समजून ठेवलंय. पण तुम्ही मला त्या नावाने हाक मारायची नाही. यापुढे कधीच नाही."

बरं, तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. आता तिथे मोठ्या बाई होत्या, तरुण, कामसू, चांगल्या स्वभावाच्या. त्याने रात्रभर जागून लिहिलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, दार लावून घेतलं आणि त्याला पाणी दिलं. मग समजावून सांगितलं की कोशाच्या त्या खंडाची शेवटची पानंही गेल्याच महिन्यात छापून झालीत. मूळ कार्डांचे फोटो काढून झाले, पेट्या गोदामात गेल्या, आता फुली मारायची तरी कशावर? आणि खरं सांगू का नोंदोबा, त्या म्हणाल्या, शब्द नियमात बसतो. तिथे असता तर असाच असता.

"पण नाहीय ना," नोंदोबा म्हणाला.

पुढच्या आवृत्तीत बघू, असं त्या म्हणाल्या. पुढची आवृत्ती निघणार नाही हे शिपायालाही ठाऊक होतं, कारण कचेरीचे दोन मजले आधीच रिकामे झाले होते. पत्र एका फायलीत गेलं. महिन्याअखेर निरोपाचा समारंभ झाला आणि त्यात नोंदोबाच्या एका ठिपक्याबद्दल तिघेजण भरभरून बोलले. मोठ्या बाई खाली बघत होत्या. लेक आली नव्हती. तिला दवाखान्यात काम आहे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

म्हणून ती तुटली असं समजू नका. तुटली असती तर कदाचित बरं, असं त्याला कधीकधी वाटायचं. ती दर रविवारी यायची. औषधं आणायची, चादरी बदलायची, आठवड्याचं जेवण करून डब्यांत भरून ठेवायची. हवेबद्दल बोलायची, शेजाऱ्यांबद्दल बोलायची. तो तिला अगं म्हणायचा. अगं, जरा इकडे बघ. अगं, ऐकतेस का. आपल्या भाषेत ही एक सोय आहे, एका अगंवर जन्म काढता येतो. कित्येक संसार तेवढ्यावरच चाललेत. फोनवर तो मी बोलतोय म्हणायचा आणि ती हं म्हणायची. दोन वर्षं अशी गेली.

मग एका रविवारी तो बाथरूममध्ये घसरला. पाय दुमडून अंगाखाली आला आणि उठता येईना. लेक स्वयंपाकघरात होती, आठवड्याची कणीक मळायला लावलेला मिक्सर चालू होता. त्याने हाक मारली, अगं. मिक्सर चालूच. अगं, अगं ऐक ना. मधे दोन दारं, दोन्ही लोटलेली. ते नाव घेतलं असतं तर तिने ऐकलं असतं. लहानपणी शंभर पोरांच्या गलक्यातून, मैदानाच्या पार टोकाहून ती त्या नावाच्या एका हाकेला पळत यायची, तसं दुसरं नावच नव्हतं कुठे. त्याने ओठ जुळवलेसुद्धा. मग ते मिटून घेतले आणि गार लादीवर गाल टेकून पुन्हा अगं म्हणाला, पुन्हा म्हणाला, आवाज बसेपर्यंत म्हणत राहिला. वीस मिनिटांनी मिक्सर थांबला.

ती धावत आली. काखेत हात घालून तिने त्याला उठवलं, स्टुलावर बसवलं, पाय चाचपून पाहिला. हाड शाबूत होतं. तिचे हात पिठाचे होते, ते त्याच्या बाह्यांना लागले.

"हाक का नाही मारलीत, बाबा?"

"मारली की," तो म्हणाला.

कशी मारली असेल ते तिच्या लक्षात आलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसलं. आता ती म्हणेल, असं नोंदोबाला वाटलं. असू दे म्हणेल, एवढ्यापुरतं तरी असू दे म्हणेल. तिने टॉवेल ओला करून त्याचा गुडघा पुसला, टॉवेल पिळला, दांडीवर नीट पसरून टाकला.

"इथे एक घंटी बसवून देते," ती म्हणाली. "हाताला येईल अशी."

पुढच्या रविवारी तिने ती आणून बसवली आणि दोनदा दाबून आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो का ते तपासून पाहिलं.